दादरला राहून नागावला घर बांधताना: कोणत्या दिवशी जावे आणि काय पाहावे

मुंबईतली नोकरी सांभाळून अलिबागच्या बाजूला घर बांधायला काढलेली जोडपी बहुधा एकच चूक करतात, ती म्हणजे दर रविवारी कामावर जातात. आम्हीही पहिले काही महिने तेच केले. सकाळी घर सोडायचे, अकराच्या सुमारास नागावला पोहोचायचे, राखणदाराने पुढे केलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसायचे आणि आठवडाभरात भिंत किती वर आली ते कौतुकाने पाहायचे. रविवारी मजुरांना सुट्टी असल्याने मिक्सर बंद, गवंडी गावाला आणि कंत्राटदार चहा घेऊन हजर असतो. त्या दिवशी दिसते ते फक्त झालेले काम, आणि झालेल्या कामात पाहण्यासारखे फारसे उरलेले नसते.

हे आमच्या लक्षात आले ते तळमजल्याच्या कॉलममुळे. एका गुरुवारी आम्ही दोघेही कचेरीत असताना चार कॉलम भरले गेले, शनिवारी फळ्या निघाल्या आणि रविवारी आम्हाला ते छान गुळगुळीत दिसले. माझ्या पतींनी सहज चावीने ठोकून पाहिले, तेव्हा एका कॉलमच्या पायाशी आवाज बद्द आला. वरचा सिमेंटचा लेप खरवडल्यावर आत मधाच्या पोळ्यासारखी भोके होती आणि एका भोकातून सळई उघडी दिसत होती. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर खालपर्यंत गेलाच नव्हता आणि फळ्या काढल्यावर घोटाळा दिसताच कोणीतरी तो पुसून टाकला होता. आरसीसीचे, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचे, काम पाहणाऱ्या सल्लागारांना बोलावून तेवढा भाग फोडावा लागला आणि त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने पुन्हा भरून घ्यावा लागला. खर्च कंत्राटदाराने केला, पण तीन आठवडे गेले. समुद्रापासून लांब असलेल्या गावी असा कॉलम कदाचित पंचवीस वर्षे निमूट उभा राहिला असता. खाऱ्या वाऱ्यात मात्र उघड्या सळईला गंज धरतो, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. मुंबईच्या जुन्या इमारतीत राहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. तीस वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे ते उगाच नाही.

त्यानंतर आम्ही रविवारचा नेम मोडला आणि एक साधी यादी केली. घराचा कोणता भाग कोणत्या दिवशी कायमचा झाकला जाणार, एवढेच तीत लिहिले. पायाच्या खड्ड्यातली जाळी, कॉलमच्या सळया, जोत्याखालची वाळवी-प्रतिबंधक फवारणी, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची तुळई), स्लॅबची सळई, भिंतीतले विजेचे व पाण्याचे पाइप, न्हाणीघरांचे वॉटरप्रूफिंग आणि छपराचे सांधे. आमच्या दोन मजली घराला असे मोजून अकरा दिवस निघाले. सल्लागारांना विचारून तुमच्या घरापुरती अशी यादी काम सुरू होण्यापूर्वीच करून घ्यावी. करारनाम्यात दोन वाक्ये घालावीत. पहिले असे की, यातला कोणताही भाग झाकण्यापूर्वी कंत्राटदार तीन पूर्ण दिवस आधी कळवील. दुसरे असे की, न कळवता झाकलेल्या भागाचा हप्ता सल्लागारांनी तपासून मान्य करेपर्यंत मिळणार नाही. दुसऱ्या वाक्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नसतो. अकरा दिवसांच्या रजा दोघांत वाटून घेतल्या तर प्रत्येकी पाच-सहा होतात. बावन्न रविवार घालवण्यापेक्षा त्या किती तरी स्वस्त पडतात.

कामाच्या दिवशी तिथे सकाळी आठला असणे गरजेचे असते. गेटवेहून मांडव्याची बोट तासाभरात पोहोचवते, तरी पुढे नागावपर्यंतचा रस्ता धरून पहिल्या बोटीनेही उशीर होतो आणि पावसाळ्यात गेटवेची ही बोटसेवा बंदच असते. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो मार्च २०२० पासून सुरू आहे. तिच्यात गाडी चढवता येत असल्याने सामान असेल तेव्हा ती बरी. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यापासून शिवडीहून थेट पलीकडे उतरून पेण, वडखळमार्गे जाता येते, पण वडखळ नाक्यावर किती वेळ जाईल याचा अंदाज त्या परिसरात मुरलेल्या माणसालाही बांधता येत नाही. म्हणून आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा असे माझे स्पष्ट मत आहे. स्लॅबच्या दिवशी बोट चुकली ही सबब काँक्रीट ऐकत नाही.

जागेविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल वकिलाशीच बोलले पाहिजे. महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहसा घेता येत नाही, त्यामुळे सातबाऱ्यावर जमीन अकृषिक आहे की नाही आणि फेरफार कोणाकोणाच्या नावे झाले आहेत हे सगळ्यांत आधी पाहावे. त्यानंतर किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले सीआरझेड. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तिथे ही मर्यादा ५० मीटरवर येते, मात्र तिलाही अटी आहेत. हे अंतर वाळू जिथे संपते तिथून किंवा दलालाच्या पावलांनी मोजायचे नसते. मंजूर नकाशावर आखलेल्या भरतीरेषेपासूनच ते धरले जाते. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे सीआरझेडची परवानगी नव्हे. विकणारा माणूस नेमका तोच कागद आधी पुढे करतो.

जोते किती उंच ठेवायचे याचा निर्णय मात्र कागदावर होत नाही. त्यासाठी काम सुरू होण्याच्या आधीच्या पावसाळ्यात, उधाणाच्या दिवशी, भर भरतीच्या वेळी जागेवर जाऊन उभे राहावे. समुद्र अंगणात येतो म्हणून हे करायचे नाही. भरतीच्या वेळी ओढ्या-वहाळांचे तोंड दबते, पावसाचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही आणि ते वाडीत तुंबते. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की मुंबईत काय होते ते आपण दर वर्षी पाहतो. तिथेही तेच घडते, फक्त बातमी होत नाही. भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करावी. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. अमावास्येलाही पंधराच धरायचे. घड्याळाच्या काट्याला हे जुळणार नाही, पण जायचे कधी एवढे ठरवायला पुरते. आम्ही श्रावणातल्या पौर्णिमेला गेलो तेव्हा शेजारच्या आजींनी आपल्या पडवीच्या खांबावर पाण्याची जुनी खूण दाखवली. वास्तुरचनाकाराने काढलेले जोते त्या खुणेच्या जेमतेम चार बोटे वर येत होते, म्हणून तिथेच ते दीड फूट वाढवले. पाया खणण्याआधी हा बदल फुकटात झाला. नंतर तो कोणत्याच पैशात झाला नसता.

आता काँक्रीटकडे येते. या घराचे आयुष्य त्यावरच ठरते, म्हणून इथे थोडा वेळ घेते.

भारतीय मानक ४५६ (सन २०००) किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ‘तीव्र’ गटात धरते. त्या गटात आरसीसीसाठी किमान एम-३० प्रत (आकडा जितका मोठा तितके काँक्रीट बळकट), एका घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंटचे प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, सांगितले आहे. लाटांचे तुषार थेट पोहोचत असतील तर मागणी याहून कडक होते. गवंडी मात्र सवयीने पाट्या मोजून सिमेंट, रेती आणि खडीचा ‘एक-दीड-तीन’ माल करतो. असे ठोकळ प्रमाण मानकाला एम-२० पर्यंतच मान्य आहे. एम-३० साठी प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन, म्हणजे कशाचे किती प्रमाण घ्यायचे ते, ठरवून घ्यावे लागते आणि ते कागदावर आल्यावर मिक्सरशेजारी मोठ्या अक्षरांत लावून ठेवावे लागते. आमच्या गल्लीत रेडीमिक्सची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी वळत नव्हती, त्यामुळे सगळा माल जागेवरच झाला.

तिथे माझे काम पाण्याची बादली मोजण्याचे होते. पन्नास किलोच्या एका गोणीला ०.४५ या प्रमाणाने साडेबावीस लिटर पाणी लागते, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीने दीड बादली. रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. माल घट्ट वाटला की मिक्सरवरचा माणूस डोळा चुकवून अर्धी बादली आणखी ओततो. माल भराभर पसरतो, त्याचे हात वाचतात आणि काँक्रीट सच्छिद्र होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण अख्खा दिवस उन्हात तोच राबत असतो. माल सुटा हवा असेल तर सल्लागारांना विचारून त्यात प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) घालून घ्यावे आणि पाण्याची बादली एकाच विश्वासू माणसाच्या हाती द्यावी. मी स्टूल टाकून मिक्सरपाशी बसले. प्रत्येक घाण्याला वहीत एक रेघ ओढली, पाच रेघांचा एक जुडगा केला आणि संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजून ताळा घेतला. पहिल्या तासाभरानंतर मिक्सरवरचा मुलगा स्वतःच “काकू, दीडच टाकली” असे सांगू लागला.

पाणी आणि रेती ही दोन दारे मीठ आत येण्याची. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी हिवाळ्यात गोड असले तरी मेमध्ये मचूळ होऊ शकते, त्यामुळे ज्या हंगामात काम आहे त्याच हंगामातला नमुना तपासून घ्यावा. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आमच्या विहिरीचे पाणी एप्रिलमध्ये या मर्यादेच्या वर गेले आणि स्लॅबसाठी टँकर मागवावा लागला. क्युरिंगलाही, म्हणजे भरलेले काँक्रीट ओले ठेवायलाही, तेच गोड पाणी वापरावे. चांगल्या पाण्यात स्लॅब भरून त्यावर खारे पाणी मारणारे लोक मी पाहिले आहेत. रेती ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, हिशेबाने येते आणि ती खाडीची आहे की नदीची हे ट्रकवाला सांगेल ते खरे मानावे लागते. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहण्याची जुनी युक्ती घोर फसवणूक पकडते, त्यापलीकडे तिचा भरवसा नाही. आम्ही सरळ दगड भरडून केलेली क्रश सँड घेतली आणि त्या चिंतेतून सुटलो.

सळई येते त्या दिवशी वजनकाटा हाताशी ठेवावा. व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे किलोतले वजन मिळते. बारा मिलिमीटरची, बारा मीटर लांबीची सळई साधारण १०.६७ किलो भरली पाहिजे. मानकाला थोडा फरक मान्य आहे, पण दहा सळया एकदम तोलून पाच-सहा किलोंची घट आली तर गाडी उतरवून घेण्याआधी बोलावे. सळई जमिनीवर न टाकता लाकडी ओंडक्यांवर, ताडपत्रीखाली ठेवावी आणि लागेल तेवढीच, लागेल तेव्हाच मागवावी. हलका तांबूस थर चालतो, पापुद्रे सुटू लागले तर चालत नाहीत.

स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी, उजेड असताना, दोघांनी जाळीवरून सावकाश फिरावे. आम्ही फिरलो तेव्हा सळईखाली ठेवायचे रेडीमेड कव्हर ब्लॉक २५ मिलिमीटरचे निघाले. मुंबईच्या कामांवर तेच वापरतात, असे उत्तर मिळाले. नकाशात ४५ लिहिले होते. रात्री अलिबागहून नवे ब्लॉक आणून सकाळी सात वाजेपर्यंत बदलले गेले. जिथे ब्लॉक कमी पडले तिथे फरशीचे तुकडे सरकवले जात होते, ते मी हाताने काढून टाकले. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे बाइंडिंग तारेची टोके. फिटर ती पिळून खाली सोडतो, टोक फळीला टेकते, फळ्या निघाल्यावर तिथे गंजाचा ठिपका उमटतो आणि तीच वाट पुढे सळईपर्यंत जाते. टोके आतल्या बाजूला वळवून घ्यायला दोन माणसांना अर्धा दिवस लागतो. या अर्ध्या दिवसासाठी मी वाईटपणा घेतला आणि पुन्हा घेईन.

भरताना ताकद तपासण्यासाठी त्याच काँक्रीटच्या घनांचे (चौकोनी ठोकळ्यांचे) नमुने घ्यावेत. दीडशे मिलिमीटरचे सहा घन, तीन सातव्या दिवशी आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायचे. एक घन आठ किलोंच्या आसपास भरतो. आमचे सहा घन ओल्या गोणपाटात गुंडाळून, डिकीत घालून रो-रोने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि तिथून प्रयोगशाळेत गेले. डिकीतून पाणी का गळते असे धक्क्यावर विचारले गेले, तेव्हा खरे उत्तर देऊनही कोणाला पटले नाही. सातव्या दिवशी अंतिम ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश आकडा आला की निर्धास्त व्हावे. तो बराच कमी आला तर पुढचा मजला थांबवावा. टेकू काढण्याची घाईही करू देऊ नये. साध्या पोर्टलंड सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबसाठी सात दिवस आणि त्याहून मोठ्यासाठी चौदा दिवस सांगितले आहेत. किनाऱ्यावर स्लॅगचे (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचे) किंवा फ्लाय ॲशचे (कोळशाच्या राखेचे) सिमेंट मिठापुढे चांगले टिकते म्हणून ते घ्यावे, मात्र ते सावकाश ताकद धरते, तेव्हा हे दिवस सल्लागारांकडून वाढवून घ्यावेत. क्युरिंग किमान चौदा दिवस चालले पाहिजे.

ज्या दिवशी जाणे जमत नाही त्या दिवशी फोनवरचा व्हिडिओ उपयोगी पडतो, पण कॅमेरा कुठे फिरवायचा हे आपण सांगितले तरच. समोरचा माणूस उजेडातला चांगला कोपरा दाखवतो. त्याला टेप सळईला लावून धरायला सांगावे आणि आकडा वाचता येईपर्यंत हलू देऊ नये. भिंतीतले पाइप प्लास्टरखाली जाण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप उलगडून, खोलीचे नाव कागदावर लिहून घ्यावा. वर्षभराने चित्र टांगायला खिळा ठोकताना त्याची किंमत कळते. कामावरची वही एकच असावी, तीत सूचना तारखेसह लिहून कंत्राटदाराची सही घ्यावी आणि दोघांपैकी एकानेच सूचना द्याव्यात. आमच्याकडे प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर मात्र “साहेब” म्हणून माझ्या पतींना मिळायचे. शेवटी त्यांनी हिशेब तेवढा आपल्याकडे ठेवला आणि बाकी सगळ्याला “वहिनींना विचारा” असे ठरलेले उत्तर देऊ लागले. महिन्याभरात गाडी रुळावर आली.

छपराची तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्यापलीकडे जाऊ देऊ नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर आले तेव्हा मोसमी पाऊस अजून पोहोचलाही नव्हता आणि अर्धवट बांधलेली छपरे सर्वांत आधी गेली. छप्पर पेलणाऱ्या कैच्या बीममध्ये आधीच पुरलेल्या बोल्टना आवळलेल्या असाव्यात, नुसत्या टेकवलेल्या नसाव्यात. वळचणीच्या आणि आढ्याच्या कौलांच्या ओळी तारेने किंवा क्लिपने बांधून घ्याव्यात, कारण वारा पहिले बोट तिथेच घालतो. काम पावसाळ्यात थांबणार असेल तर वर निघालेल्या सळयांच्या टोकांना सिमेंटच्या दाट कालवणाचा लेप देऊन ठेवावा.

खिडक्या-दारांच्या सामानात ‘स्टेनलेस’ या एका शब्दावर विसंबू नये. ३०४ प्रतीच्या पोलादावर खाऱ्या हवेत चहाच्या डागांसारखे डाग पडतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त टिकते. बिजागऱ्या पितळी घ्याव्यात आणि स्क्रूही त्याच धातूचे मागावेत. आमच्या बिजागऱ्या अजून चकचकीत आहेत आणि त्यांचे दोन लोखंडी स्क्रू गंजून तुटले आहेत, कारण सुताराचे पितळी संपले तेव्हा त्याने खिशातले लावले.

पैशांचे हप्ते तारखांना न बांधता त्या अकरा दिवसांना बांधावेत आणि पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावी. गच्ची आणि न्हाणीघरे पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवली तरी ती परीक्षा वरून पडणाऱ्या पाण्याची होते, आणि किनाऱ्यावर पाऊस आडवा येतो. त्यासाठी जुलैत दोन रात्री घरात राहावे, पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राचा कागद दाबून ठेवावा आणि सकाळी तो उचलून पाहावा. आमचे सात कागद कोरडे निघाले, जिन्याच्या खिडकीचा भिजला. तिथले सिलिकॉन काढून ते नव्याने भरले, चौकटीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूने उतार दिला, सप्टेंबरच्या वादळी सरींत तोच कागद पुन्हा ठेवून पाहिला आणि दसऱ्याला राहिलेले पाच टक्के चुकते केले.